दुपारी दोननंतर

तिसऱ्यांदा बोलावलं ओरिसियाबाईंनी.
यॉर्कटनच्या उत्तरेला, धान्याच्या कोठारांच्याही पलीकडे,
जिथे रस्त्याला नाव नाही, नुसता आकडा आहे.
"परत पडला," फोनवर एवढंच.
जणू घरात कुणी म्हातारं माणूस आहे
आणि ते अधूनमधून न्हाणीघरात घसरतं.

पडतो तो मागच्या भिंतीबाहेरचा सॉकेट.
रात्रभर गाडीच्या इंजिनाला ऊब पुरवणारा.
उणे एकतीसमध्ये सबंध जानेवारी निमूट उभा होता.
मार्च आला, छपरावरून थेंब सुटले
आणि याने अंग टाकलं.

पहिल्या खेपेला मी सॉकेटच बदलला.
दुसऱ्या खेपेला झाकण, रबराची पट्टी,
वर थोडं शहाणपण:
वायर बर्फात लोळू देऊ नका, बाई.
त्यांनी मान हलवली. बिटाचं सूप वाढलं.
मी पैसे घेतले आणि सूपही प्याले.

या खेपेला काहीच बदललं नाही.
सगळं उपटून ठेवलं: गाडीची वायर,
नाताळपासून राहून गेलेली दिव्यांची माळ,
मांजरांच्या पाण्याखालचा हीटर.
रिकाम्या सॉकेटसमोर पालथ्या बादलीवर बसले.
बटण दाबलं. उभा.
सव्वा वाजता उभा. दीडला उभा.
दोन वाजून सात मिनिटांनी
टक्.

काहीच जोडलेलं नसताना.

हा काही हुशार नसतो, मी बाईंना सांगितलं,
उंबऱ्यावर बसून नुसता मोजतो,
किती गेलं, किती परत आलं.
अँपिअरचे पाच हजारांश कमी भरले
तरी दार लावून घेतो.
कुठे गेलं ते विचारत नाही.
"मग कोण विचारतं?"
मी विचारते. तासाचे पंच्याण्णव डॉलर.

पेटी उघडली. मागून तीन वायरी निघत होत्या.
एक घरातून येणारी, एक गराजकडे जाणारी,
आणि एक.
दोनदा मीच ती माझ्या हाताने परत जोडली होती,
कुठली गं तू, असं न विचारता.

ती भिंतीवरून उतरून जमिनीत शिरली होती,
बागेच्या जुन्या हिरव्या नळीत ओवलेली,
कुठल्याच नियमात न बसणारी.
वीतभर चिखल, त्याखाली अजून दगड झालेली माती.
मी नळी उचलत गेले, ती येत गेली,
लायलॅकच्या झुडपापर्यंत.
तिथे लोणच्याच्या काकड्यांची एक बरणी,
झाकणाला खिळ्याने पाडलेलं भोक,
आत वायरीचं टोक, काळ्या टेपचे सात-आठ वेढे
आणि गळ्यापर्यंत पाणी.

रात्री ते गोठायचं. सकाळी सगळं ठीक.
दुपारी वितळायचं,
आणि वीज थेंबाथेंबाने मातीत जायची.

ओरिसियाबाई नवऱ्याचे बूट घालून आल्या.
बराच वेळ बरणीकडे बघत राहिल्या.
"कारंजं," म्हणाल्या.
"दर वसंतात म्हणायचा मिरोन, यंदा कारंजं.
अठरा वर्षं. मला वाटलं नुसतं बोलतोय."
मग भिंतीपासून झुडपापर्यंत पावलं मोजत गेल्या.
बावीस.
"खणलं कधी याने?
मी कुठे होते?"

याला माझ्याकडे मीटर नाही.

पेटीतून तिसरी सोडवली. बटण दाबलं.
तीन वाजले. साडेतीन. उभा.
बाईंनी बरणी उपडी केली, एप्रनला पुसली,
झाकणाच्या भोकातून माझ्याकडे बघितलं.
"त्याला झाकण कधी धड लावता आलं नाही."

बिलावर लिहिलं: जुनी वायर, सोडवली, एक.
पहिल्या दोन खेपांचे पैसे वजा केले,
ते त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.
सूप होतंच.

गाडी चालू करताना त्या काचेशी आल्या.
पंपाला किती पडतात, विचारलं.
मी म्हटलं, आधी जमीन सुटू दे.